आतला खिसा

माझ्या सुनेला एक वाईट खोड आहे. ती न विचारता चांगलं करते. वाईट केलं असतं तर दोन शब्द ऐकवून मी मोकळी झाले असते. शब्दांचा मला कधी तोटा नव्हता. पण समोरच्यानं चांगलं केलं की तोंड दाबून बुक्क्यांचा मार. वर ती उलट बोलत नाही. लोक म्हणतात, किती गुणाची. मी म्हणते, उलट न बोलणं हाच तिचा उद्धटपणा. माझ्या सासूशी मी बारा वर्षं भांडले, पण त्या बाईला एकटीला कधी बोलावं लागलं नाही. ही मला एकटीला बोलायला लावते आणि तोवर हँगर एका रांगेत करत उभी राहते. मी तिला टापटीप म्हणते. आधी टोमणा म्हणून म्हणायचे, आता ती त्या नावाला ओ देते. म्हणजे टोमणाही गेला. तर या टापटिपीनं सोमवारी माझी खोली रंगवायची म्हणून कपाट सरकवलं, वरचा शर्टाचा पुठ्ठ्याचा खोका खाली घेतला, त्यातली माझी पोस्टकार्डं काढून एका जाड अल्बमात लावली, प्रत्येकाखाली चिठ्ठी चिकटवली आणि संध्याकाळी अल्बम माझ्या मांडीवर ठेवला. "आई, बघा," म्हणाली. एवढंच. आणि खाली आमच्या लाँड्रीच्या दुकानात निघून गेली.

कार्डं ग्रीस देशातल्या पडक्या देवळांची. त्रेसष्ट. खोक्यात ती माझ्या रीतीनं होती, कुणी दिलं त्या क्रमानं. बोटीवरच्या एका गिऱ्हाइकाची एका दोरीत, भाचीची एका दोरीत, नवऱ्यानं आणलेली सगळ्यांत खाली. अल्बमात ती गावांच्या क्रमानं बसली होती. अथेन्स, डेल्फी, ऑलिंपिया. मी अक्षरं जोडून जोडून वाचते. दोन इयत्ता झाल्या आणि तिसरीच्या बाकाऐवजी धुण्याच्या दगडाशी उभी राहिले. तरी वाचलं. रंगाचा वास नाकात, खिडकी उघडी, खालून वाफेच्या प्रेसचा सुस्कारा येत होता, आणि मी एकेक पान उलटत होते. शेवटच्या पानापर्यंत जायचीही गरज नव्हती. दात पडला की जीभ आधी तिथंच जाते. सगळी धड कार्डं होती. एक भाजलेलं होतं, ते नव्हतं.

मी पुन्हा पहिल्यापासून पानं उलटली. मग खोका पालथा केला. त्यातून दोन दोऱ्या आणि एक वाळका किडा पडला. बाकी काही नाही. मला आधी हसू आलं, खरं सांगते. पडक्या देवळांची चित्रं इतक्या निगुतीनं लावली बाईनं, आणि चित्रच पडकं निघालं तर तेवढं फेकून दिलं. मग हसू गेलं. कपडे वाळत घालताना हात वर असतात आणि पाठीत एकदम उसण भरते, तसं झालं. हात ना वर जात, ना खाली येत.

घरात सगळ्यांना वाटतं, मला ग्रीसचं वेड आहे. थोरला दर दोन वर्षांनी विचारतो, "आई, एकदा जाऊन यायचं का?" मी म्हणते, "पडकं बघायला तिकीट काढून कशाला जायचं? मी आरशात बघते." तो हसतो आणि विषय मिटतो. वेड नव्हतं; पण कुणी आपल्याला एखाद्या गोष्टीचं वेड आहे असं पंचवीस-तीस वर्षं धरून चाललं की ते लागतं. मला त्या खांबांच्या चुण्या आवडायला लागल्या. दगडाच्या खांबाला वरपासून खालपर्यंत चुण्या पाडलेल्या, सगळ्या एकसारख्या, एकही दबलेली नाही. मी आयुष्यभर चुण्यांवर इस्त्री फिरवली आहे, मला कळतं ते किती कठीण. आणि त्या सहा बाया, डोक्यावर छप्पर घेऊन उभ्या. लोक त्यांचे चेहरे बघत असतील. चेहऱ्यांत काही नाही, नाकं झिजलीत. मी कपडे बघते. ओलं कापड न पिळता अंगावरच वाळलं की गुडघ्याशी जसं चिकटतं आणि पुढं जसं झोळ टाकतं, तसं कुणीतरी दगडात केलं आहे. ज्यानं केलं त्यानं आधी एखादी धुणं धुणारी बाई बघितली असणार, राजकन्या नव्हे. बोटीवर काम करणारं एक गिऱ्हाईक होतं, त्यानं मला ते कार्ड दिलं. म्हणाला, "मावशी, यातली एक बाई परदेशी नेली हो कुणी. दोनशे वर्षं झाली. इकडचे मागताहेत, तिकडचे देत नाहीत." मी विचारलं, "का देत नाहीत?" तर म्हणाला, "ते म्हणतात, आम्ही नीट सांभाळली." मी त्याच्या गणवेशाची पँट घडी करत होते. घडी मोडली, परत घातली, परत मोडली. तो म्हणाला, "मावशी, आज हात बरा नाही का?"

नीट सांभाळली. मीसुद्धा नीट सांभाळलं होतं.

आमच्या धंद्यात कपडा पाण्यात जायच्या आधी खिसे बघतात. ते काम माझं. दुकान सुरू केलं तेव्हापासून माझं, आणि आजही, दुकान टापटिपीच्या हातात गेलं, नंबराच्या प्लास्टिकच्या चकत्या आल्या, पावत्या मशीनमधून निघायला लागल्या, तरी दारामागच्या स्टुलावर बसून खिसे मी बघते. बाहेरचे दोन, मागचे दोन, मग आतला. खिसा नुसता चाचपायचा नाही, उलटा करून शिवण झटकायची. जे निघेल ते खाकी पाकिटात, पाकिटावर नंबर, आणि नंबराखाली एक शब्द: परत. मला सुरेख लिहिता येतो असा तो एकच शब्द आहे. तीन अक्षरं, कशाला काना नाही, मात्रा नाही, वेलांटी नाही, बाईसारखा बाई शब्द, कुणाच्या टेकूशिवाय उभा. खिशातलं ते गिऱ्हाइकाचं. किल्ली असो, अर्धी चघळलेली गोळी असो, प्रेमपत्र असो. जे कुणी न्यायला येत नाही ते गल्ल्याखालच्या खणात पडून राहतं. परतीचा खण. त्यातलं काही टाकायचं नाही, कधीच नाही. या एका गोष्टीवर मी नाक वर करून चालले. धुतल्या तांदळासारखी बाई, असं गल्लीतले लोक म्हणायचे, आणि मी म्हणायचे, तांदळाचं राहू दे, धुणं माझ्याकडे टाका.

कोटवाला म्हणून एक गिऱ्हाईक होतं, कॉलेजात जुन्या काळाचं काहीतरी शिकवायचा. उंच, खांदे जरा पुढं आलेले. थंडी सरली की एक राखी कोट घेऊन यायचा, वर्षातून एकदा, एकच. लोकरीचा, जड, आत रेशमी अस्तर, आतल्या खिशाला बटण. एका वर्षी मी त्या कोटाचे बाहेरचे खिसे बघितले आणि आतल्याशी हात गेला तेव्हा तोंड चालू होतं. एका नव्या गिऱ्हाइकाला सांगत होते की आमच्याकडे खिसा चुकत नाही. हे मी कुणाला सांगितलं तर लोक म्हणतील, रचून सांगते. पण तसंच झालं. बोलता बोलता कोट टोपलीत टाकला. थंड पाणी, मऊ साबण, लोकर पिळायची नाही, टॉवेलात गुंडाळून दाबायची. दाबताना छातीशी काहीतरी लागलं. बरगडीसारखं. बटण काढलं तर आत पोस्टकार्ड, ओल्या पापुद्र्यासारखं, आणि पाण्यात निळी शाई दोऱ्यादोऱ्यानं निघून चाललेली. ती शाई मी बघत राहिले. कुणीतरी कुणाला काहीतरी सांगितलं होतं आणि ते माझ्या घमेल्यातून चाललं होतं.

तेव्हा तरी सांगायचं. माणूस भला होता, ओरडला नसता. पण मी काय केलं, तर आपल्याला जे येतं ते केलं. इस्त्री केली. ओलं वाळवायचं म्हणजे इस्त्री, दुसरं मला काय माहीत? आणि घाईत वर फडकं घालायचं विसरले. जड इस्त्री, टेकवली आणि उचलली, तेवढ्यात चित्राची चकाकी तिच्या पोटाला लागून आली. समुद्राकाठच्या कड्यावरचं देऊळ होतं ते. छप्पर नाही, नुसते पांढरे खांब, मागं आभाळ आणि पाणी. इस्त्रीच्या नाकाचा तांबूस त्रिकोण बरोबर त्या खांबांच्या माथ्यावर उमटला. छप्पर घातल्यासारखा. मी ते हातात धरून उभी होते, जळक्या साबणाचा वास येत होता, आणि मला, आता काय सांगू, क्षणभर ते आधीपेक्षा बरं दिसलं.

मागची शाई सगळी गेली होती. शेवटची ओळ तेवढी शिसपेन्सिलीची होती. लिहिता लिहिता पेन संपलं असेल. पेन्सिल पाण्याला भीत नाही. पण ओळीचा पुढचा भाग इस्त्रीच्या टेबलाला चिकटून सालीसारखा निघाला आणि मागं एकच शब्द उरला. मला जोडून वाचावा लागला नाही. तो माझाच शब्द होता. परत.

परत काय? परत ये? परत येते? परत लिहू नका? वर्षानुवर्षं मी त्याच्यापुढं शब्द लावून बघितले आहेत, जसं हरवलेल्या बटणाच्या जागी डब्यातलं एकेक बटण लावून बघावं. एकही बसत नाही आणि सगळी बसतात.

चार दिवसांनी तो आला. कोट झकास झाला होता. त्यानं हात फिरवला, मग सहज विचारल्यासारखं विचारलं, "आतल्या खिशात एक कार्ड होतं का हो, बाई?"

"नाही," मी म्हणाले. "खिसा रिकामा होता."

"मग माझ्याच हातून कुठं पडलं असेल. इथं असतं तर मिळालंच असतं."

हे जे शेवटचं वाक्य, ते त्यानं माझ्या मानासाठी म्हटलं. त्यानं एकदा संशयानं बघितलं असतं तर मी भांडले असते, आवाज चढवला असता आणि त्या आवाजात सुटले असते. त्यानं बघितलं नाही. पुढं सहा-सात वर्षं तो कोट घेऊन येत राहिला, आणि दरवेळी परत नेताना उभ्या उभ्या दोन बोटं आतल्या खिशात घालायचा. मला दाखवायला नाही. सवयीनं. मग एका वर्षी आला नाही. कोट संपला की माणूस, मला कळलं नाही, आणि विचारायला तोंड नव्हतं.

माझा नवरा तेव्हा मागं प्रेसवर उभा होता. त्यानं सगळं ऐकलं. रात्रीच्या जेवणाआधी मी कार्ड शर्टाच्या खोक्यात सरकवताना त्यानं बघितलंही. बोलला नाही, त्याचं बोलणं वाफेसारखं, जास्तच साठलं तर निघायचं. आठवड्यानं जुन्या पुस्तकांच्या दुकानातून एक कार्ड घेऊन आला. दुसरं देऊळ, धड, कोरं. माझ्या हातात ठेवलं आणि म्हणाला, "तुला आवडतं ना, मग हे घे. हे आपलं आहे."

 त्या भाबड्याला वाटलं होतं, चित्र आवडलं म्हणून बायकोनं ठेवून घेतलं! मन भरलं तर पुन्हा हात जाणार नाही, म्हणून तो चित्रं आणायला लागला. वर्षाला एक, कधी दोन, जिथं मिळेल तिथून. तेव्हा म्हणायचं होतं, अहो, मला नाही आवडत, मी खिसा चुकले. एवढंच. पण चोर म्हणवून घेणं मला परवडलं. खिसा चुकली म्हणवून घेणं परवडलं नाही. तो गेला तोवर त्यानं एकोणीस कार्डं आणली होती, आणि तोपर्यंत मला खरंच आवडायला लागली होती, तेही त्याला सांगायचं राहिलं.

आणि वर ती इस्त्रीवाली, आमच्याकडे कामाला होती ती. कार्डाचं झालं त्याच्या पुढच्याच वर्षीची गोष्ट. तिच्यासारखा हात मी पुन्हा बघितला नाही. कॉलर अशी बसवायची की गिऱ्हाईक मान ताठ ठेवूनच बाहेर पडायचं. एका झग्याच्या खिशातला कंगवा तिनं केसांत खोचला. दोन दात तुटलेला. मी बघितला. ती म्हणाली, "मालकीणबाई, तुटका होता हो. कुणी विचारणार नव्हतं." आणि मी सगळ्यांपुढं म्हणाले, "विचारत नाहीत म्हणूनच परत द्यायचं असतं." काय बोलले! भिंतीवर लिहून ठेवावं असं. तिला त्याच दिवशी काढली. नवऱ्यानं माझ्याकडे एकदा बघितलं आणि बॉयलरची चावी फिरवली. सगळीकडे वाफ झाली, आणि त्या वाफेत ती आपली पिशवी घेऊन गेली. कंगवा टेबलावर ठेवून गेली. तो अजून परतीच्या खणात आहे. भाजलेलं कार्ड वर माझ्या खोक्यात होतं. मी दर सणावारी खोका काढायचे, लोकांना वाटायचं, बाई देवळं बघते. मी ते एक बघायचे. माझ्यावर नजर ठेवावी असं दुसरं कुणी नव्हतं, ते होतं.

म्हणून सोमवारपासून मी गप्प होते. मंगळवारी टापटिपीला वाटलं, रंगाच्या वासानं डोकं धरलं. तिनं पंखा आणून लावला. न विचारता. मी खाली येऊन स्टुलावर बसले, खिसे बघितले. कचऱ्याची गाडी सकाळीच गेली होती, त्यामुळे बघण्यासारखं काही नव्हतं, तरी मी मागची बादली बघितली. विचारायचं तर काय विचारायचं? ते जळकं कार्ड कुठं टाकलंस? मग ती विचारणार, त्यात काय होतं? मग काय सांगू? गेलं ते बरं झालं, असंही मनात आलं. साक्षीदार मेला. पण मेलेला साक्षीदार कुणाला माफही करत नाही.

बुधवारी दुपारी मशीनमधून काळ्या पँटी निघाल्या, सगळ्यांवर पांढरा भुसा. कुणाच्या तरी खिशात कागदी रुमाल राहिला होता. माझ्या हातून. मी स्टुलावरून बघत होते. टापटिपीनं पँटी उचलल्या, मागच्या खोलीत नेल्या आणि दार लोटून ब्रश घेऊन बसली. तास झाला, दीड तास झाला. ब्रशचा आवाज येत होता, खर्र, खर्र. मला कळलं, हे पहिल्यांदा नाही. ते दार मी बरेचदा लोटलेलं बघितलं होतं. किती महिने ती माझे चुकलेले खिसे माझ्यामागं झटकत होती, कोण जाणे. बोलली नाही. बोलली असती तर मी नाकबूल केलं असतं, हे तिला ठाऊक असणार.

मी उठले, दार ढकललं. तिच्या मांडीवर काळी पँट, केसांत भुसा.

"ते कार्ड कुठं टाकलंस?" मी म्हणाले.

"कुठलं, आई?"

"भाजलेलं. माझ्या खोक्यात होतं. अल्बमात नाही."

"ते टाकलं नाही," ती म्हणाली. ब्रश बाजूला ठेवला. "ते खणात ठेवलंय."

"कसल्या खणात?"

"परतीच्या." आणि मी नुसती बघत राहिले तशी ती जरा गडबडली. "त्याच्या मागं परत लिहिलं होतं, आई. दुकानाचा शब्द. मला वाटलं, कुणाच्या खिशातलं असेल आणि चुकून तुमच्या कार्डांत मिसळलं. अक्षर चांगलं होतं, म्हणजे बाबांनी लिहिलं असेल असं वाटलं."

"म्हणजे माझं अक्षर वाईट."

"असं नाही म्हणाले मी."

"म्हणालीस. उलट बोललीस. चौदा वर्षांनी."

तिला हसू आलं, तिनं ते दाबलं. ती मागोमाग आली. मी खण ओढला. वर खाकी पाकीट, नवं, बाईच्या टापटिपीनं चारी कोपरे दाबलेलं. नंबराच्या जागी प्रश्नचिन्ह. खाली: परत. पाकिटाच्या शेजारी तो दोन दात तुटलेला कंगवा. कार्ड मी बाहेर काढलं नाही. पाकिटावरून बोट फिरवलं. आत इस्त्रीनं फुगवलेला भाग हाताला लागतो, छप्पर जिथं आहे तिथं. एवढ्या वर्षांत मला जे करता आलं नाही ते हिनं तिसऱ्या इयत्तेआधीच्या तीन अक्षरांवरून केलं होतं, आणि चुकून. त्या शब्दापुढं मी शंभर शब्द लावून बघितले. हिनं काहीच लावलं नाही, आणि तो बसला.

बाहेर कुणीतरी गल्ल्यावर पावती आपटत होतं. टापटीप तिकडे वळायला लागली. मी तिचा हात धरला. साबणानं तिचीही बोटं फुटायला लागली आहेत, माझ्यासारखीच, करंगळीपासून.

"थांबू दे त्याला," मी म्हणाले. "इकडे बघ. खोड तुझी वाईटच आहे, ते मी मागं घेत नाही. पण ऐक. हे कार्ड माझं नाही. एका गिऱ्हाइकाच्या कोटात होतं, मी खिसा चुकले, ते भाजलं, आणि त्यानं विचारलं तेव्हा त्याच्या तोंडावर खोटं बोलले. आणि हा कंगवा जिच्यामुळं इथं आहे, तिला मी चोर म्हणून काढली, हे कार्ड वर खोक्यात ठेवून. तू ठेवलंस तीच त्याची जागा. आता हे इथून हलवायचं नाही. आणि त्या पँटी मला ठाऊक आहेत, दार लोटायचं नाटक पुरे. माझी बोटं गेली, टापटीप. उद्यापासून स्टुलावर तू बसायचं. खिसे तुझे. आतला आधी बघायचा."